एका वेळी एकच औषध

सोमवार, ५ फेब्रुवारी २००७

ओवीचा कान पुन्हा फुटला. या हिवाळ्यातली ही तिसरी खेप. किंडरगार्टनमधून फोन आला तेव्हा मी मोजमाप खोलीत बेअरिंगच्या कड्यांची गोलाई तपासत होतो. चालू मशीन तसंच सोडून निघालो. वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

मुलांच्या डॉक्टर होफमानबाईंनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं. दहा दिवस, एकही वेळ चुकवायची नाही. शिवाय कांदा बारीक चिरून, फडक्यात बांधून, कोमट करून कानावर धरायला सांगितला. मला वाटलं माझं जर्मन कमी पडतंय, म्हणून पुन्हा विचारलं. तर "गेनाऊ, कांदा," म्हणजे बरोबर, कांदाच, असं म्हणाल्या.

घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. लतिकाबाई म्हणजे अरुंधतीच्या आई, आठवड्यापूर्वीच साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक वळणावर बसत बसत चढल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे मी शुक्रवारीच सांगितलं असतं प्रतापराव, पण माझ्या कांद्याला डिग्री नाही."

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सिरपने ताप उतरला, ठणका गेला, कान वाहायचा थांबला. पण ओवीला ऐकू कमी येतं. मागून हाक मारली तर वळत नाही. घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. खालच्या बिऱ्हाडाला आम्ही फार भांडतो असं वाटत असणार.

आज कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलं आहे. त्यांच्या यंत्रातून कागद निघतो. चांगल्या कानाची रेघ त्यावर टेकडीसारखी चढून उतरते. ओवीच्या दोन्ही रेघा सपाट होत्या. आमच्या खात्यात सपाट रेघ म्हणजे कडं बिनचूक गोल, आम्ही पेढे वाटू. इथे मला घाम फुटला.

२६ एप्रिलचा टर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, दिला आहे. तोवर टेकडी उमटली नाही तर भूल देऊन पडद्यांत नळ्या बसवायच्या. अगदी साधं ऑपरेशन आहे, रोज करतो, म्हणाले. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत नीट ऐकू आलं पाहिजे, नाहीतर शाळा वर्षभर पुढे जाईल.

माझ्या थोरल्या भावाचा, नागेशदादाचा कान लहानपणी असाच वाहायचा. गुरुजींना वाटलं पोर मठ्ठ आहे. त्याला शेवटच्या रांगेत बसवलं, तिथून तर त्याला काहीच ऐकू येईना. चौथीत शाळा सुटली. मी त्याच शाळेत पहिल्या रांगेत बसून शिकलो आणि जर्मनीपर्यंत आलो. आम्हा दोघांत फरक होता तो एवढाच. आणि ओवी आम्हाला लग्नानंतर तेरा वर्षांनी झाली. भूल हा शब्द ऐकल्यापासून दोनदा उठून तिचा श्वास ऐकून आलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

होफमानबाईंच्याच दवाखान्यात दुसऱ्या खोलीत डॉक्टर लिंडनर बसतात. इथलेच, बायर्न प्रांताचे. इथलं डॉक्टरकीचं शिक्षण पुरं करून चार वर्षं चीनमध्ये राहिले आणि तिथली वैद्यकी शिकून आले. उंच, बारीक, भर थंडीत पायात चपला. दोघं मिळून उपचार करतात. संसर्गाला बाईंचं औषध, मागे उरलेल्या पाण्याला यांचं. बाईंनी सरळ सांगितलं की पुष्कळ मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआपच जातं. लिंडनर म्हणाले, आपण त्याला जरा वाट दाखवू. मी दोघांनाही हो म्हटलं. आमच्या घराण्यात डॉक्टरांना कोणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यांनी ओवीची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या. मुळ्या आणि सालींच्या पुड्या दिल्या. चाळीस चाळीस मिनिटं दोनदा उकळून काढा करायचा. शिवाय कानाच्या पाळीवर चिकटवायला मोहरीएवढ्या काळ्या बिया. प्रत्येक कानावर पाच, दर तिसऱ्या दिवशी बदलायच्या आणि दिवसातून तीनदा बोटाने दाबायच्या. डबीत शंभर आहेत.

सासूबाईंनी डबी उघडून बघितली. दृष्टच काढायची तर ओवाळून टाका म्हणावं, चिकटवता कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी लिंडनरना सांगितलं की मी रोजच्या नोंदींचा तक्ता ठेवीन. आमच्या खात्याचा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. त्यांना इतका आनंद झाला की माझा हात दोनदा हलवला. असा बाप त्यांना आजवर भेटला नव्हता म्हणे.

रात्री जेवताना हाच नियम घरी जाहीर केला. हिंग नाही, लसणाचं तेल नाही, ओव्याची धुरी नाही. सासूबाई हो म्हणाल्या. अरुंधती हो म्हणाली. ओवीला ओरडून सांगितलं, ती जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो हो, म्हणाली आणि जेवत राहिली.

बुधवार, २८ फेब्रुवारी

सकाळी लवकर उठून काढा केला. ओल्या पोत्यात चामडं गुंडाळून ठेवल्यासारखा वास घरभर पसरला. थर्मासमध्ये भरून कामावर गेलो. ओवी दुपारी एकला घरी येते, तेव्हापासून झोपेपर्यंत तीन कप.

अरुंधती काल डिक्शनरी घेऊन पुडीवरची नावं शोधत बसली होती. एकही सापडलं नाही. "ज्याचं नाव मला वाचता येत नाही ते माझ्या मुलीच्या पोटात जाणार," एवढंच म्हणाली. मी तिला नियम समजावून सांगितला. सासूबाईंनी थर्मास हुंगून तोंड फिरवलं. पण औषध टाकू नये, पाप लागतं, असंही म्हणाल्या. जुनी माणसं. त्यांच्यावर सोपवून मी निर्धास्त आहे.

आज मी एक गोष्ट केली ती इथे लिहून ठेवतो. माझ्या पाकिटात गावच्या भैरोबाचा अंगारा असतो, दादा दर वर्षी पाठवतो. ओवी झोपेत असताना चिमूटभर तिच्या कानामागे लावला. एका वेळी एकच गोष्ट, हे परवा मीच सांगितलं. पण अंगारा म्हणजे औषध नव्हे. तक्त्यात लिहिलं नाही. रोज लावणार आहे.

बुधवार, ७ मार्च

ओवी काढा विनातक्रार पिते. मला नवल वाटतं. संध्याकाळी थर्मास धुताना ओवा, तुळस आणि सुंठेचा वास आला. चिनी लोकांनाही ओवा ठाऊक दिसतो. एवढा मोठा देश आहे. सकाळचा वास संध्याकाळी बदलतो, अशी तक्त्यात नोंद केली.

बियांचा हिशेब लागत नाही. चाळीस वापरल्या, म्हणजे डबीत साठ राहायला हव्यात. एक्केचाळीस भरल्या. तीनदा मोजल्या.

किंडरगार्टनच्या बेआटेबाई भेटल्या. ओवी फार मदत करते म्हणाल्या. घसरगुंडीखाली बसून इतर मुलांचे कान तपासते, मुलं रांग लावतात, आणि आगाऊ टर्मिन घेतल्याशिवाय ती कोणाला बघत नाही. ऐकून मला भरून आलं. स्वतःला त्रास होत असताना दुसऱ्याचा विचार करते. डॉक्टर होईल बहुतेक.

शुक्रवार, १६ मार्च

आज दवाखान्यात तपासणी झाली. उजव्या कानाच्या रेघेला बारीकसा उंचवटा आहे. मला तो आधी छपाईचा दोष वाटला. डावी अजून सपाट. लिंडनरनी तक्ता मागून घेतला, वास बदलल्याच्या नोंदीवर बराच वेळ बोट ठेवून बसले आणि मग स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं.

सासूबाईंना इथली हवा मानवली. कचऱ्याची पिशवी स्वतः खाली नेतात आणि न बसता वर येतात. काल जिन्यात गुणगुणत होत्या. स्वतःचा एक वेगळा थर्मासही त्यांनी घेतला आहे. गरम पाणी लागतं म्हणाल्या.

अरुंधतीच्या हातचा संध्याकाळचा चहा मात्र अलीकडे कडसर लागतो. विचारलं तर म्हणाली, इथलं पाणी जड आहे. खरं आहे. किटलीत पांढरा थर बसतो.

गुरुवार, २९ मार्च

थर्मासमधल्या काढ्याला आता जांभळा रंग येतो. आज बोट बुडवून चाखला, तर चक्क गोड. लिंडनरना फोन केला. शरीराचा समतोल सुधारला की चव बदलल्यासारखी वाटू शकते, असं ते म्हणाले. आजारी माझी मुलगी आहे, चाखला मी, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले की एकदा येऊन तुमचीही जीभ दाखवा.

माझ्या सकाळच्या शिंका बंद झाल्या आहेत. या देशात आल्यापासून चार हिवाळे रोज बारा-पंधरा शिंका देत होतो. मी ओवीसाठी मागणं मागितलं, देवाने मलाही दिलं. मन नम्र झालं.

अंगाऱ्याची पुडी अर्ध्यावर आली. मी तर चिमटीच्या टोकावर मावेल एवढाच घेतो. कागदाला चिकटून राहत असेल. दादाला फोन करून आणखी पाठवायला सांगितलं. दादाशी ओरडूनच बोलावं लागतं, आता त्याचीही सवय झाली आहे. पाऊसपाणी, गुरंढोरं काही न बोलता त्याने आधी विचारलं, "पोरीचा कान कसाय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "शाळंत तिला म्होरं बसवा."

गुरुवार, १९ एप्रिल

लिंडनरनी बोलावून घेतलं. न्यूर्नबर्गला पुढच्या आठवड्यात शनिवारी डॉक्टरांची एक बैठक आहे. दोन्ही वैद्यक एकत्र वापरण्यावर ते बोलणार आहेत आणि माझा तक्ता मोठा करून भिंतीवर लावणार आहेत. त्यासाठी माझी सही हवी. मजकूर असा, की ठरलेल्या उपचारांखेरीज मुलीला दुसरं काहीही दिलेलं वा लावलेलं नाही.

'लावलेलं' या शब्दापाशी माझं पेन थांबलं. मंगळवारच्या तपासणीला येताना आणतो म्हटलं.

तेव्हापासून विचार करतोय. अंगारा लिहिला तर तक्ता बिघडला. नाही लिहिला तर खोटी सही, तीही ज्या देवाकडे मुलीचा कान मागतोय त्याचंच नाव लपवून. कान देवाने बरा केला असेल तर श्रेय लिंडनरना देणं हा कृतघ्नपणा. लिंडनरनी केला असेल तर मी त्यांच्या प्रयोगात लुडबूड केली. आणि मंगळवारी रेघ सपाट निघाली तर हे सगळंच वाया. गुरुवारी सकाळी सात वाजता ओवीला ऑपरेशनसाठी उपाशीपोटी न्यायचं आहे.

रविवार, २२ एप्रिल

सांगून टाकलं. दुपारच्या जेवणाच्या वेळी. ओवी आपल्या खोलीत, पाठ करून, चित्र रंगवत बसली होती. तिला उगीच कळायला नको म्हणून आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

मी म्हटलं की मी नियम मोडला आहे, पहिल्या दिवसापासून रोज अंगारा लावतो आहे. अरुंधतीने वाढता वाढता पळी तशीच धरली. देवाधर्मावर तिचा फारसा विश्वास नाही, त्यामुळे मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ती टेबलावरच्या माझ्या पाकिटाकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही.

सासूबाईंनी हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही तेवढंच केलंत होय? मग मी सांगते."

त्यांनी पहिल्याच दिवशी माझा काढा थर्मासमधून काढून त्यात त्यांचा भरला होता. ओवा, तुळस, सुंठ, जेष्ठमध. सगळं साताऱ्याहून बॅगेत आणलं होतं, तुळस वाळवून.

"आणि माझा काढा?" मी विचारलं.

"औषध टाकू नये, पाप लागतं. मी प्यायले. रोज, सगळा." मग जरा थांबून म्हणाल्या, "वास सोडला तर वाईट नाही हो."

आता अरुंधती खुर्चीवर बसली. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ती जर्मनच्या क्लासवरून बाराला घरी येते. थर्मासमध्ये चिनी काढाच आहे असं समजून मार्चच्या मध्यापासून ती रोज तो काढून ठेवत होती आणि ओवीसाठी द्राक्षाचा रस कोमट करून भरत होती.

"बेसिनमध्ये ओतत होतीस?" सासूबाईंनी विचारलं. स्वतःच्या काढ्याची बेअदबी त्यांना खुपली असावी.

"नाही गं आई. टाकवेना."

"मग?"

अरुंधती माझ्या पेल्याकडे बघत होती. मला कळायला थोडा वेळ लागला.

"अहो, शिंका थांबल्याच ना?" ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत आतून ओवीचा आवाज आला. ती जर्मनमध्ये म्हणाली की द्राक्षाचा रसच बरा होता, आजीचं ते पहिलं फार घाण लागायचं, ती ते रोज शेजाऱ्यांच्या झाडाच्या कुंडीत ओतून यायची, आणि तिच्या बिया कुठे गेल्या ते कोणी विचारलंच नाही. मी विचारलं. तिने रंगवता रंगवता, मान वर न करता सांगितलं, पेशंटना दिल्या. लेओनला दोन, हान्नाला चार, कारण हान्ना रडली.

मी जेवण सोडून तक्ता घेऊन बसलो. पंचावन्न दिवस नेमाने तक्ता ठेवला. दर दिवसाची नोंद खोटी.

संध्याकाळी नवा तक्ता आखला. चिनी काढा: सासूबाई, वय ६९. सासूबाईंचा काढा: आधी शेजारची कुंडी, नंतर मी, चहातून. द्राक्षरस: ओवी. बिया: किंडरगार्टन. अंगारा: ओवी. अँटिबायोटिक तेवढं खरोखर ओवीलाच, दहा दिवस, एकही वेळ न चुकवता. खाली सही केली.

मंगळवार, २४ एप्रिल

देवाची कृपा. उजव्या कानाची रेघ चक्क टेकडीसारखी. डाव्या कानाची ठेंगणी, पण टेकडीच. मी कागद उलटा धरूनही पाहिला. होफमानबाईंनी माझ्यासमोर कानाच्या डॉक्टरांना फोन करून गुरुवारचा टर्मिन रद्द केला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. अरुंधतीने पाठीवर हात ठेवला. लोकांसमोर ती असं कधी करत नाही.

मग मी तक्ता लिंडनरच्या हातात दिला. त्यांनी वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. होफमानबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. कुंडीपाशी आल्यावर त्या हसायला लागल्या, त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसतच होत्या. मी क्षमा मागितली. खऱ्या मनाने मागितली, कारण शनिवारी त्या माणसाला भिंतीवर लावायला काही उरलं नव्हतं.

लिंडनरनी तक्त्याची घडी घातली. मग त्यांनी मला विचारलं, "सासूबाई बाहेर बसल्या आहेत का?"

बसल्या होत्या. त्यांना आत घेतलं. त्यांची जीभ पाहिली, दोन्ही नाड्या पाहिल्या, खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं. सासूबाईंनी दहा वेळा करून दाखवलं, शेवटचे तीन नको म्हणत असतानाही. लिंडनरनी वहीचं नवीन पान उघडलं.

मग पाणी कशाने गेलं, असं मी होफमानबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असं बघा, मिस्टर प्रताप, संसर्ग सिरपने गेला. पुढचं दिवसांनी केलं असेल. नक्की मलाही ठाऊक नाही." एवढ्या मोठ्या डॉक्टरने असं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

डाव्या कानासाठी सहा आठवड्यांनी पुन्हा यायचं. तोवर काहीही करायचं नाही, असं त्यांनी बजावलं. सासूबाईंना मी मराठीत सांगितलं.

"काहीच नाही?" त्या म्हणाल्या. "म्हणजे नुसतं बसून राहायचं?" त्यांना हा उपचार सगळ्यांत कठीण वाटला.

रविवार, २९ एप्रिल

शुक्रवारी सासूबाईंना फ्रँकफर्टला विमानात बसवून आलो. त्यांच्या बॅगेत लिंडनरनी दिलेल्या दोन महिन्यांच्या पुड्या होत्या. साताऱ्यात कोणी विचारलं तर चहा आहे म्हणून सांगणार आहेत.

घर शांत आहे. आम्ही काहीही करत नाही. सकाळी मी सवयीने लवकर उठतो आणि स्वयंपाकघरात उभा राहतो.

आज पूजा करताना ओवी दारात आली. दोन्ही कानांवर हात ठेवून जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, इतक्या मोठ्याने नको ना." मी आरती तिथेच थांबवली. तीन महिने घरात सगळेच ओरडत होते, देवापुढेही मी तसाच म्हणत असणार. उरलेली आरती हळू म्हटली. शेवटी डोळे पुसावे लागले, म्हणून ती गेल्यावरच वळलो.

दुपारी ओवी आपल्या खोलीत खेळत होती. स्वयंपाकघरात मी अरुंधतीच्या कानाशी वाकून हळूच विषय काढला. शाळेच्या पहिल्या दिवशी इथे मुलांना खाऊने भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात, शूलट्यूटे म्हणतात त्याला. आपण तो विकत न आणता गुपचूप घरीच करू, निळ्या कागदाचा, म्हटलं.

दोन खोल्यांपलीकडून आवाज आला, "जांभळा! आणि वर घोडा!"

अरुंधतीने माझा हात घट्ट धरला. मग उरलेलं बोलणं आम्ही बाल्कनीत जाऊन, दार लावून केलं.